मरहूमांचे चांगलेच बोलावे?

आमच्या गावात जनाज्याच्या नमाजापूर्वी मरहूमाचा मुलगा किंवा भाऊ सफांसमोर उभा राहतो आणि सांगतो, "माझ्या वडिलांकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर अल्लाहच्या वास्ते माफ करावं. कुणाचं देणं राहिलं असेल तर मला येऊन भेटावं." मग क्षणभर शांतता होते. कुणी पुढे येत नाही. पेशइमाम सफा सरळ करायला सांगतात आणि नमाज सुरू होते.

डिसेंबर 2022 मध्ये आमचे बडे अब्बा वारले, तेव्हाही असेच झाले. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचा चुलतभाऊ, उभा राहिला. आवाज भरून आला तरी त्याने वाक्य पूर्ण केले. कुणी पुढे आले नाही. आम्ही तिसऱ्या सफेत होतो. एक देणे आम्हाला ठाऊक होते. आम्हीही पुढे गेलो नाही.

हा लेख त्या न उचललेल्या पावलाविषयी आहे. सुरुवातीलाच सांगावे लागेल की यात आम्ही गावाचे नाव लिहिणार नाही आणि कुणा माणसाचेही नाही. त्याचे कारण पुढे येईल. इतकेच पुरे की गाव सोलापूर जिल्ह्यातले, तालुक्याचे. आणि बडे अब्बा पिंजारी होते.

आमचे वडील आम्ही लहान असतानाच गेले. आम्हा तीन भावंडांना बडे अब्बांनी आपल्या चार मुलांत मिसळून टाकले. ताटात, अंथरुणात, ईदच्या कपड्यांत कुठेही आम्ही पाहुणे आहोत असे वाटू दिले नाही. घरातले शेवटचे माणूस परत येईपर्यंत ते जेवायला बसत नसत. बहीण तालुक्याच्या कॉलेजातून संध्याकाळच्या एस. टी. ने परतायची, तेव्हा ते दुकानाची फळी लावून स्टँडवर जाऊन बसत. गाडीला तास-दीड तास उशीर झाला तरी कंडक्टरशी भांडत नसत, बहिणीलाही काही विचारत नसत. फक्त तिची पिशवी हातात घेऊन पुढे चालू लागत.

त्यांच्या दाढीत आणि भुवयांत नेहमी रुईचे तंतू असत. त्यामुळे लहानपणी आम्हाला ते म्हातारे वाटत, आणि पुढे खरेच म्हातारे झाले तेव्हा काही फरक दिसला नाही. धनुकली आम्ही त्यांच्या हातात फार थोडी पाहिली. विजेचे पिंजणयंत्र आल्यावर ती भिंतीवर टांगली गेली. पण तिच्यावर धूळ बसू देत नसत. हल्लाज म्हणजे रुई पिंजणारा, आणि ज्या मन्सूर हल्लाजला 922 साली बगदादमध्ये ठार मारले त्यांच्याशी आपल्या जमातीचे नाते आहे, असे ते अभिमानाने सांगत. मन्सूर काय म्हणाले आणि का मारले गेले, हे त्यांना नीट सांगता येत नसे. "अपने धंदेवाला था," इतके म्हणून ते हसत.

मोहल्ल्यात किंवा पलीकडच्या आळीत मूल जन्मले की बडे अब्बांकडून मोहरीची छोटी उशी जाई. मूल कुणाचे, हा प्रश्न नसे. आषाढी वारीत गावावरून जाणाऱ्या एका दिंडीच्या फाटक्या दुलया ते दरवर्षी शिवून देत. पैसे विचारले तर म्हणत, "आल्यावर बघू." परतीच्या वेळी दिंडीवाले प्रसादाचे चुरमुरे देत आणि हिशेब तिथे संपे.

जियारतीला हे सगळे लोकांनी सांगितले. जो तो म्हणत होता, "फरिश्ता माणूस होता." चाळिसाव्याला त्यांच्याविषयी दोन शब्द लिहून वाचावेत, असे थोरांनी ठरवले आणि ते काम आमच्याकडे आले. घरात बी. एड. झालेले आम्हीच. उर्दू शाळेत रोज मुलांकडून मजमून लिहून घेणारा शिक्षक एवढेही लिहू शकणार नाही काय? आम्ही वही घेऊन बसलो. पहिले वाक्य लिहिले, "बडे अब्बा एक फरिश्तासिफत इन्सान थे." पुढे हात चालेना.

कारण भिंतीवर आमचे बी. एड. चे प्रमाणपत्र होते.

2010-11 च्या हंगामात कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले होते. शेतकऱ्याला ते वर्ष आठवत असेल ते आनंदाने. पिंजाऱ्याला मात्र वेगळ्या कारणाने. जवळच्या एका खेड्यातल्या शेतकरी घराण्याने मुलीच्या आंदणासाठी दोन गाद्या, चार उशा आणि दोन लेप सांगितले होते. ते घर बडे अब्बांचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. भाव दिवाळीच्या सुमारास ठरला आणि पैसे आगाऊ मिळाले. लग्न फेब्रुवारीअखेरचे. तोवर रुई कुठल्या कुठे गेली. आणि त्याच फेब्रुवारीत आमच्या कॉलेजचा दुसरा हप्ता भरायचा होता. भरला नसता तर परीक्षेला बसता आले नसते.

एका रात्री दुकानात आम्ही दोघेच होतो. बडे अब्बांनी जुन्या गाद्यांतून निघालेली रुई यंत्रातून दोनदा काढली. पिंजल्यावर जुनी रुईही पांढरी आणि फुगलेली दिसते. खोळीत ती मधोमध गेली आणि नवी रुई वर-खाली, जिथे हात लागतो तिथे. खोळीचे तोंड आम्ही धरले आणि दाभणाने टाके त्यांनी घातले. शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा तोडला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "इस बार इत्ताच. अगले साल नई भरके देऊंगा उनकू."

आठ दिवसांनी आमचा हप्ता भरला गेला. जून महिन्यात आम्ही उत्तीर्ण झालो. पुढचे साल आले आणि गेले.

आता प्रश्न असा की चाळिसाव्याच्या त्या मजमुनात हे यावे की नाही?

आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते की मेलेल्यांचे चांगले आठवावे आणि त्यांच्या दोषांविषयी गप्प राहावे. हुजूर पैगंबरांनी मृतांना शिव्याशाप देण्यास मनाई केली, कारण त्यांनी जे पुढे पाठवले तिथे ते पोहोचले आहेत, हे प्रत्येक मदरशातले मूल सांगेल. या शिकवणुकीमागचे शहाणपण उघड आहे. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. त्याच्याविषयीच्या वाईट शब्दाचा घाव बसतो तो जिवंत मुलाबाळांना. आणि बोलणाऱ्याला त्यातून कसलाच धोका नसतो. ज्या बोलण्यात बोलणाऱ्याला काही गमवावे लागत नाही, त्याची किंमत ती काय?

पण त्याच परंपरेत दुसरीही गोष्ट आहे. एक जनाजा गेला, लोकांनी त्या माणसाची तारीफ केली. दुसरा गेला, लोकांनी वाईट म्हटले. दोन्ही वेळा पैगंबरांनी एकच शब्द उच्चारला: वाजिब झाले. पहिल्यासाठी जन्नत, दुसऱ्यासाठी जहन्नम. कारण तुम्ही जमिनीवर अल्लाहचे साक्षीदार आहात. ही हदीस आम्ही अनेकदा ऐकली होती, पण तिचा भार त्या रात्री पहिल्यांदा जाणवला. आपण मरहूमाविषयी बोलतो ती नुसती रीत नाही, ती गवाही आहे. आणि गवाही खरी असेल तरच गवाही. जिथे प्रत्येक मेलेला 'फरिश्ता' ठरतो, तिथे साक्षीदार जागेवर असतो, पण साक्ष झालेलीच नसते.

मग दोहोंचा मेळ कसा घालायचा?

आम्हाला वाट सापडली ती अस्मा-उर-रिजालच्या शास्त्रात. हदीस सांगणाऱ्या हजारो माणसांची चरित्रे तपासून कोण विश्वासू, कोण विसरभोळा, कोण खोटा, हे मुसलमान विद्वानांनी लिहून ठेवले. ही सगळी माणसे कधीच मेलेली होती किंवा मरणार होती. मग ही गीबत नव्हे काय? अली इब्न अल-मदिनी हे इमाम बुखारींचे उस्ताद. त्यांना कुणीतरी त्यांच्या स्वतःच्या वडिलांविषयी विचारले. दुसऱ्या कुणाला विचारा, असे म्हणून त्यांनी टाळून पाहिले. लोकांनी पुन्हा विचारले तेव्हा मान खाली घालून सांगितले की हा दीनचा मामला आहे, माझे वडील या बाबतीत कमजोर आहेत. इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनीही गीबत हराम मानताना तिला सहा अपवाद सांगितले. त्यांत पहिला आहे जुलूम झालेल्याने दाद मागण्याचा. आणि दुसऱ्याचे नुकसान टाळण्यासाठी सावध करणे, हाही एक आहे.

यातून एक रेघ आखता येते. माणसाचा जो दोष त्याच्या आणि अल्लाहच्या मधला आहे, त्यावर पडदा टाकावा. तो उघडण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण ज्या दोषात तिसऱ्या कुणाचा हक्क अडकला आहे, तिथे गप्प बसणे म्हणजे पडदा टाकणे नव्हे. हुकूकुल इबाद, बंद्यांचे हक्क, बंद्यांनीच माफ करायचे असतात.

आणि कर्जाविषयी तर शंकेला जागाच नाही. एका जनाज्यापुढे पैगंबरांनी विचारले, याच्यावर काही कर्ज आहे? हो, म्हटल्यावर ते स्वतः नमाज पढवायला तयार झाले नाहीत. अबू कतादा म्हणाले, ते माझ्याकडे लागले. तेव्हा नमाज झाली. पुढे बैतुलमालमध्ये पैसा आला, तेव्हा गरीब मरहूमांचे कर्ज पैगंबर स्वतः फेडू लागले. म्हणजे जनाज्यापुढे विचारला जाणारा तो प्रश्न केवळ औपचारिक नाही. त्याचे उत्तर अपेक्षित आहे.

पण आमच्या प्रश्नात एक गाठ जास्तीची होती. अबू कतादांच्या वेळी देणे सर्वांना ठाऊक होते. आमच्याकडे ज्याचे देणे होते, त्याला ते देणे आहे हेच माहीत नव्हते. निदान आम्ही तसे धरून चाललो होतो. तो सफेत असता तरी पुढे आला नसता. 'कुणाचं देणं असेल तर सांगावं' हे वाक्य अशा माणसासाठी निरुपयोगी आहे. तिथे बोलायचे असते ते देणेकऱ्याच्या माणसांनी. आणि ते बोलत नाहीत, कारण बहुतेक वेळा त्या देण्याचा लाभ त्यांच्याच घरात आलेला असतो. आमच्या बाबतीत तो फ्रेम करून भिंतीवर लावलेला होता.

म्हणून बडे अब्बांचा दोष झाकण्याची आमची धडपड ही त्यांच्या इज्जतीसाठी होती की आमच्या? हा प्रश्न मनात आला तेव्हा आम्ही वही मिटली आणि बडी अम्मीकडे गेलो.

त्या इद्दतीत होत्या, आतल्या खोलीत. आम्ही सगळे सांगितले. आम्हाला वाटले होते की त्या रडतील किंवा रागावतील. त्या तसबीह फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेरेकू मालूम है. दो बार रुई निकालके रखे थे उनो." पहिल्यांदा माळ्यावर ठेवलेली नवी रुई आमच्या बहिणीच्या बाळंतपणात विकली गेली. दुसऱ्यांदा ठेवलेली 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गेली, तेव्हा दुकान बंद होते आणि घरात अकरा माणसे होती. म्हणजे बडे अब्बा विसरले नव्हते. दोनदा त्यांनी हक्क बाजूला काढला आणि दोनदा घराने तो खाल्ला. ज्या कुटुंबवत्सलपणाची गावभर तारीफ झाली, तोच त्या देण्याच्या आड आला. घरासाठी झिजणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हे कोडे नेहमीच असते. आपल्या माणसांवरचे प्रेम कधी कधी परक्याच्या खिशातून जाते, आणि आपण ते प्रेम म्हणूनच आठवतो.

जानेवारी 2023 मध्ये चुलतभाऊ आणि आम्ही त्या खेड्यात गेलो. चुलतभावाचे आता फोमच्या गाद्यांचे दुकान आहे, पण हात अजून वडिलांचा आहे. त्याने दोन गाद्या स्वतः भरल्या, सगळी नवी रुई घालून. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा मुलीचे वडील ओसरीवर बसले होते. वय झाले होते. आम्ही कोण ते सांगितले, आणि कशासाठी आलो तेही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं, मास्तर. वर्षाच्या आत गादी बसली. पोरगी माहेरपणाला आली तेव्हा बोलली. तिच्या आईनं जावयाकडनं गादी आणवून उसवून बघितली."

"मग तुम्ही आला का नाहीत?"

"राग आला होता. म्हणून पुढच्या वर्षापासनं गाद्या दुसरीकडं टाकल्या. पण तीस वर्षांत एकदा असं झालं, तर त्या माणसाच्या घरात काहीतरी अडलं असणार, असं ही म्हणाली. गावात सांगू नका म्हणाली. नाही सांगितलं."

त्या घराने येणे बंद केल्याचे आम्हाला आठवत होते. बाजाराच्या दिवशी त्यांचा टेम्पो दिसला की बडे अब्बा दुसऱ्या बोळातून जात, हेही आठवले. बारा वर्षे दोन माणसे एकमेकांना टाळत राहिली. एक शरमेने, दुसरा रागाने. आणि दोघांनीही तिसऱ्याजवळ अवाक्षर काढले नाही.

गाद्या ते घेतील की नाही, अशी आम्हाला धास्ती होती. ते म्हणाले, "ठेवा. नाही घेतल्या तर तुमचं ओझं उतरायचं नाही." मग आत वळून चहा टाकायला सांगितले.

परतताना आमच्या लक्षात आले की या प्रकरणात दोन मौने होती आणि बाहेरून ती अगदी सारखी दिसत होती. त्या शेतकऱ्याला बोलण्याचा पूर्ण हक्क होता. तो बोलला असता तर बडे अब्बांचे दुकान बसले असते. त्याने हक्क असून तोंड मिटले. याला पर्दापोशी म्हणतात. आमच्यावर बोलण्याची जबाबदारी होती आणि आम्ही तोंड मिटले. ती पर्दापोशी नव्हती, ती लपवाछपवी होती. ज्याचे नुकसान झाले तो गप्प राहिला तर ती माफी. ज्याचा फायदा झाला तो गप्प राहिला तर तो फायदाच, दुसऱ्या नावाने. मेलेल्यांचे दोष झाकण्याची शिकवण पहिल्या मौनासाठी आहे. आपण ती बहुधा दुसऱ्यासाठी वापरतो.

कुणी विचारेल, मग आता हे छापून का सांगता? देणे फिटले, विषय संपला. शंका रास्त आहे. म्हणूनच नावे नाहीत, गाव नाही, आणि बडी अम्मींची परवानगी घेतल्यावरच हे लिहीत आहोत. शिवाय या गोष्टीतला अर्धा दोष आमचा आहे. खोळीचे तोंड आम्ही धरले होते. तो अर्धा तरी सांगण्याचा आम्हाला हक्क आहे.

आणखी एक. बडे अब्बांना फरिश्ता म्हणणे आम्हाला आता पटत नाही, ते त्यांनी ती गादी भरली म्हणून नव्हे. फरिश्त्याला घर नसते, फीचा हप्ता नसतो, रुईचा भाव चढला तर त्याला झोप लागत नाही असे होत नाही. चांगले वागण्यात त्याला काही सोसावे लागत नाही. बडे अब्बांना सोसावे लागले. तीस वर्षे त्यांनी नवी रुई नवी म्हणूनच भरली, जेव्हा आत काय आहे हे बघणारे कुणी नव्हते. त्यांना फरिश्ता म्हणून आपण ती तीस वर्षांची मेहनत पुसून टाकतो.

मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात असताना पाहिलेल्या एका माळ्याचे शब्दचित्र 'चंद हमअसर'मध्ये आहे. मकबऱ्याच्या बागेतला नामदेव माळी. उर्दू शाळांच्या पाठ्यपुस्तकांतून ते अनेक पिढ्यांनी वाचले. त्यात नामदेवला थोर ठरवण्यासाठी मोठी विशेषणे शोधलेली नाहीत. तो रोपांपाशी कसा बसे, त्यांना अपत्यासारखे कसे जपे, आणि काम करता करता मधमाश्यांच्या हल्ल्यात कसा गेला, एवढेच सांगितले आहे. ती खरी गवाही आहे, कारण लिहिणाऱ्याने पाहिले तेच लिहिले. आमच्या वर्गातली मुले 'मेरे वालिद'वर मजमून लिहितात तेव्हा चाळीस वह्यांत चाळीस वालिद सारखेच नेक आणि मेहनती असतात. आता आम्ही मुलांना सांगतो की 'नेक' लिहू नका. ते सकाळी उठून पहिल्यांदा काय करतात ते लिहा. वह्या थोड्या वेगळ्या होऊ लागल्या आहेत.

वाचकांना एक सुचवावेसे वाटते. जनाज्यापुढचे ते वाक्य जरूर म्हणावे. पण दफनाहून परतल्यावर, देगी चढवण्याआधी, घरातल्या माणसांनी एकदा दार लावून बसावे आणि एकमेकांना विचारावे: असे कुणाचे देणे राहिले आहे काय, जो मागायला येणार नाही? बहिणीचा वाटा असेल, मजुराची थकलेली मजुरी असेल, शेजाऱ्याच्या भिंतीची वीतभर जागा असेल. ते फेडावे. फिरनी मागून वाटली तरी चालेल.

चाळिसाव्याला आम्ही जे वाचले ते अर्ध्या पानाचे होते. त्यात एस. टी. स्टँड होता, मोहरीच्या उशा होत्या, दिंडीच्या दुलया होत्या. शेवटी एक वाक्य होते: त्यांचे एक देणे राहिले होते, ते त्यांनी दोनदा फेडू पाहिले आणि त्यांच्या मुलांनी फेडले. कुणाचे, कशाचे, हे कुणी विचारले नाही. मागे बसलेल्या एका बुजुर्गांनी मात्र उठताना आमचा हात धरला आणि हळूच विचारले, "मेल्या भावाचं देणं असेल, आणि तो माणूस गाव सोडून गेला असेल, तर शोधायचं कसं?"

आम्ही आता त्यांच्याबरोबर शोधतो आहोत. अल्लाह बडे अब्बांची मगफिरत करो, आणि त्या रात्री खोळीचे तोंड धरणाऱ्या हातांचीही.